केळ्याची संध्याकाळ

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘ऊर्जा वाचवा’ असं लिहिलेला एक स्टिकर आहे. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तो रोज माझ्या नाकासमोर असतो आणि रोज माझं डोकं फिरतं. ऊर्जा वाचवायची गरज नसते. ती आपली आपण वाचते, तिला कुणी संपवूच शकत नाही. संपते ती तिची कामाला येण्याची ताकद. हे मी एकदा लिफ्टमध्ये आमच्या सेक्रेटरींना सांगायला गेले, तर ते पहिल्या मजल्यावरच उतरले. राहतात चौथ्यावर.

नवऱ्याला मी लग्नानंतर लगेचच हे समजावलं होतं. म्हटलं, गॅसवर पातेलंभर पाणी उकळ आणि गच्चीवरच्या टाकीत ओतून ये. उष्णता कुठे गेली? कुठेच नाही, सगळी त्या टाकीत आहे. आता त्या पाण्याने आंघोळ कर बघू, हुडहुडी भरते की नाही. त्यावर तो म्हणाला, “पण मी पातेलं घेऊन गच्चीवर कशाला जाऊ?” अठरा वर्षं झाली, आमची या विषयावरची चर्चा तिथेच थांबली आहे.

या कामाला येण्याच्या ताकदीला आमच्या धंद्यात एक्सर्जी म्हणतात. मराठीत त्याला चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही. उष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की ऊर्जा होती तेवढीच राहते. दुसरा नियम सांगतो की ती प्रत्येक वापरात थोडी निकामी होते, आणि तुम्ही जितकी घाई कराल तितकी जास्त निकामी होते. हे शेवटचं वाक्य मी नव्या इंजिनियरांना शिकवते. फळ्यावर दोनदा अधोरेखित करते.

मी कारखान्यांच्या यंत्रांची कॉम्प्युटरवर मॉडेलं बनवते. बॉयलर, वाफेच्या नळ्या, वाळवणी यंत्रं. आत किती उष्णता गेली, किती कामी आली, किती धुराड्यातून गेली, असा सगळा हिशेब मांडायचा आणि सुधारणा सुचवायच्या. आठवड्यातले तीन दिवस घरून, जेवणाच्या टेबलावर बसून. गेल्या हिवाळ्यात कांदा-लसणाची पावडर करणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं होतं. हजार अंशांहून तापलेली गॅसची ज्योत पेटवायची आणि तिच्यापासून करायची काय, तर साठ अंशांची हवा. पहिल्या नियमाने बघितलं तर कार्यक्षमता नव्वदच्या घरात, सगळे खूश. दुसऱ्या नियमाने बघितलं तर हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, सहा टक्के. त्या ज्योतीची जवळजवळ सगळी ताकद तिथल्या तिथे फुकट जात होती आणि धुराड्यावर हात ठेवून कुणालाही ते कळलं नसतं, कारण ती धुराड्यातून जात नव्हतीच. मी अहवालात त्यावर एक पान लिहिलं.

“मॅडम, हे पान ड्रॉप करू या,” साहेब म्हणाले. “क्लायंटला नव्वद आवडतं. तुम्ही सहा कशाला दाखवता? कन्फ्यूज होतो तो.”

मी म्हटलं, खरं तेच आहे. ते म्हणाले, खरं असेल हो, पण विचारलंय कुणी? असं गेल्या दहा वर्षांत माझं पान किती वेळा निघालं असेल देव जाणे. दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते आणि दर वेळी मी मूग गिळून गप्प बसते. या खेपेला मात्र मी चिकाटी सोडली नाही. रोज मागे लागून शेवटी साहेबांकडून पंधरा मिनिटं मिळवली. होळीनंतरच्या सोमवारी त्या कारखान्याचे लोक येणार होते, त्यांच्यासमोर मी बोलायचं. साहेब म्हणाले, “फक्त थिअरी नको. काहीतरी चालू केलेलं दाखवा.”

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या आत्या आमच्याकडे आल्या.

आत्या वसईजवळ निर्मळला राहतात. देवळापासून सायकलवर पाच मिनिटं गेलं की त्यांची वाडी. मोगरा, थोडी भाजी, आणि मागच्या बाजूला राजेळीच्या केळीची वीसेक बेटं. राजेळी म्हणजे लांब, जाड सालीची केळी. तिची वसईत सुकेळी करतात. केळी पिकवून, सोलून, काठ्यांच्या मांडवावर पेंढा पसरून त्यावर आठवडाभर उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की वाळक्या पानात गुंडाळून केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधायची. पूर्वी बऱ्याच घरांत होत असत. आत्यांच्या आळीत आता त्या एकट्याच करतात. करत होत्या, असं म्हणायला हवं.

आत्यांचं घरात बोलणं त्यांच्या बोलीत चालतं. नवरा आणि त्या बोलायला लागले की मला निम्मंअर्धं कळतं, मी साताऱ्याकडची. माझ्याशी बोलताना त्या बोली बाजूला ठेवून शाळेतलं मराठी काढतात, आणि त्यामुळे मी त्या घरात अठरा वर्षांनंतरही थोडी पाहुणीच आहे.

त्या दिवशी त्यांनी पडवळ, दोन नारळ आणि गजरे टेबलावर ठेवले, माझा लॅपटॉप बाजूला सरकवला आणि थेट विषयाला हात घातला. वाडीच्या पूर्वेला सात मजली इमारत झाली होती. सकाळचं ऊन दहाच्या पुढे मांडवावर येईना. आणि दुपारी तीनला दर्यावरचा दमट वारा सुटला की वाळवण थांबतं. मधले पाच तास उरले, तेवढ्यात सुकेळी होत नाहीत, बुरशी धरतात. गेल्या वर्षी निम्मी फेकावी लागली. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या दिराने, बाकीची वाडी लग्नसमारंभाला द्यायचं ठरवलं होतं. राजेळी होती तिथे गाड्या लावायची जागा व्हायची होती. तो काही वाईट माणूस नाही. आईला त्याने सरळ सांगितलं होतं, सुकेळी होत असतील तर राजेळीला हात लावत नाही. होतच नसतील तर राजेळी ठेवून करायचं काय? आत्यांनाही ते पटलं होतं. एक शेवटचा घाणा करून बघायचा, मग ठरवायचं.

“तू वाळवायच्या यंत्रांचं काम करतेस ना गं बाय?” त्या म्हणाल्या. “मग माझं गेलेलं ऊन तेवढं आणून दे.”

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्या घरातलं कुणी मला पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी लगेच हो म्हटलं. आत्यांसाठी म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर मला सोमवार दिसत होता.

यंत्र मी फार छान केलं होतं, हे आजही सांगते. विजेची शेगडी लावून केळी वाळवणाऱ्यांची मला चीड आहे. वीज ही सगळ्यात उंची ऊर्जा, तिला जाळून कोमट हवा करायची म्हणजे कांदा-लसूणवाल्यांचाच प्रकार. आमच्याकडचा जुना खिडकीचा एसी मी सोडवून घेतला. त्याची थंड बाजू हवेतलं पाणी काढून घेते, गरम बाजू तीच हवा पुन्हा तापवते. विजेने उष्णता करायची नाही, उष्णता इकडून तिकडे न्यायची. नालासोपाऱ्यातल्या एका कारागिराने पत्र्याचं आणि प्लायवूडचं कपाटासारखं खोकं करून दिलं, आत दहा जाळ्या. टेम्पोतून ते निर्मळला नेलं तेव्हा आळीतली माणसं बघायला आली. आत्यांनी त्याला हळदकुंकू लावलं.

मॉडेल मी त्याआधीच तयार केलं होतं. हवेचं तापमान, हवेतली आर्द्रता, केळ्यातलं पाणी, सगळं मांडलेलं. प्रत्येक ठिकाणी किती एक्सर्जी नासते तेही काढलेलं: पंख्यात एवढी, एसीत एवढी, खोक्याच्या भिंतींतून एवढी. आकडे इतके देखणे होते की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवले. आठवड्याचं काम यंत्र तीन दिवसांत करणार होतं, एकदाही न थांबता. गुरुवारी भरलं की रविवारी सुकेळी तयार, आणि सोमवारी मी ती मीटिंगमध्ये टेबलावर ठेवणार.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून केळी सोलली आणि जाळ्यांवर मांडली. होती नव्हती तेवढी सगळी, लोंगरच्या लोंगर. मी म्हटलं होतं, निम्मी मांडवावर ठेवू या का? आत्याच म्हणाल्या, तिथे कुजण्यापेक्षा तुझ्याकडे बरी. संध्याकाळपर्यंत केळ्यांना रंग चढला. साडेपाचला आत्या बांबूची मोठी टोपली आणि वाळलेली पानं घेऊन आल्या आणि यंत्राचं दार उघडायला लागल्या.

“आत्या, काय करताय?”

“संध्याकाळ झाली. काढून ठेवायला नकोत?”

ही त्यांची रोजची पद्धत होती. संध्याकाळी केळी मांडवावरून काढायची, टोपलीत वाळक्या पानांत निजवायची, वर गोधडी घालायची. सकाळी उघडलं की केळी वरून ओलसर झालेली असत. घाम आला, असं त्या म्हणत. मग पुन्हा उन्हात. मला हे आधीपासून माहीत होतं आणि ती मला ऊन नसल्यामुळे केलेली तडजोड वाटायची. दिवसभर वाळवलेलं रात्रीत पुन्हा ओलं होतंय, हा तर शुद्ध तोटा.

“अहो, हे ऊन नाही. याला संध्याकाळ नसते.”

“याला नसेल गं,” आत्या म्हणाल्या. “केळ्याला असते ना.”

मी हसले. मी त्यांना समजावलं, एखाद्या नवख्या इंजिनियरला समजवावं तसं. थांबवलं तर आतली हवा थंड होते, पुन्हा तापवावी लागते, तोटा होतो, आणि रविवारपर्यंत काम होणार नाही. आत्यांनी टोपली तिथेच ओट्यावर ठेवली. दोनदा बोलायची त्यांची सवय नाही. “तुझं यंत्र, तुला माहीत,” एवढं म्हणून त्या दिवा लावायला गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी जाळ्या वजन करून बघितल्या. मॉडेल सांगत होतं त्यापेक्षा वजन जास्त भरत होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मी काय केलं? काटा खराब असेल म्हणाले. दिराने दुकानातला दुसरा काटा आणून दिला, तोही तेच सांगायला लागला. मग मी तापमान पाच अंशांनी वाढवलं. माझ्याकडे एखादा शिकाऊ असं काही घेऊन आला असता तर मी त्याला उभा-आडवा झापला असता.

रविवारी केळी दिसायला सुंदर झाली होती. पिवळसर तपकिरी, चकचकीत, हाताला कडक. आत्यांनी एक उचलून अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आम्ही सगळी पानांत गुंडाळली, सोपटाने बांधली, आणि मी दोन जुड्या पिशवीत घालून घरी आणल्या.

आठव्या दिवशी दिराचा फोन आला. “वहिनी, जरा येऊन जाता का?” एवढंच.

पडवीत पाय ठेवला आणि वास आला. आंबूस, ताडीसारखा. आत्या पाटावर बसून एकेक जुडी सोडत होत्या. त्यांनी एक सुकेळं विळीवर मधोमध चिरून माझ्यापुढे धरलं. सोललेल्या केळ्याला बाहेरून नाण्याएवढी जाड, चिवट नवी साल धरलेली, आणि आत ओला, फसफसलेला लगदा. सगळ्या जुड्यांची तीच गत.

मला त्या क्षणी सगळं कळलं, आणि तेच सगळ्यात असह्य होतं. पृष्ठभाग इतक्या झपाट्याने वाळला की आतलं पाणी बाहेर यायच्या आत बाहेरची वाट बंद झाली. केळ्याच्या पोटातलं पाणी कडेपर्यंत यायला वेळ लागतो. आत्या त्याला तो वेळ देत होत्या, रोज संध्याकाळी, टोपलीत, गोधडीखाली, एक पैचीही ऊर्जा न खर्चता. सकाळी दिसायचा तो घाम म्हणजे रात्रभर आपल्या पायांनी बाहेर आलेलं पाणी. तो तोटा नव्हता, ते निम्मं काम होतं. आणि माझं मॉडेल? पंखा, एसी, भिंती, सगळ्यांत काय नासतं ते मी काढलं होतं. केळं मात्र मी एका आकड्यात संपवलं होतं: आतबाहेर एकसारखं, सगळीकडे तेवढंच ओलं. जिथे खरी नासाडी होणार होती तिथेच मी बघितलं नव्हतं. घाईने नासाडी वाढते, हे फळ्यावर दोनदा अधोरेखित करणारी बाई मी.

“आत्या, माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलं होतंत.”

“हो,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला समजावलं नाही, ‘होतं असं’ असंही म्हटलं नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दीर दारात उभा होता. त्याने बोलीत राजेळीबद्दल काहीतरी विचारलं. त्यांनी नुसती मान डोलावली. मला तेवढी बोली कळत होती.

राजेळी पुढच्या आठवड्यात निघाली. केळीचा खुंट तोडायला फार वेळ लागत नाही. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत.

मी चिडले होते, आणि चिडचीड काढायला मला एकच जागा ठाऊक आहे. मी मॉडेल पुन्हा उघडलं. केळ्याचे कडेपासून गाभ्यापर्यंत वीस थर केले, प्रत्येक थरातून पाणी पुढच्या थरात किती वेगाने जातं ते घातलं. साहित्यात हे सगळं होतं, शोधायला मला एक दुपार लागली. मग त्यात संध्याकाळ घातली: साडेपाचला यंत्र बंद, सकाळी आठला चालू. आकडे बघून मी कपाळाला हात लावला. पाच दिवस लागत होते, साल धरत नव्हती, आणि वीज पहिल्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. पहिल्या नियमाने बघा, दुसऱ्याने बघा, आत्यांचीच पद्धत सरस. इमारतीची सावली असतानाही सुकेळी झाली असती. राजेळी राहिली असती.

गणपतीत मी लॅपटॉप घेऊन निर्मळला गेले. कशासाठी गेले, मला नीट सांगता येणार नाही. वाडीत कुणाचं तरी बारसं होऊन गेलं होतं, कमानीवरचे फुगे अजून होते. आत्या मागच्या दारी मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पडद्यावरचे थर दाखवले. गाभा निळा, कड पिवळी. संध्याकाळ झाली की निळा रंग हळूहळू बाहेर सरकायचा. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

“हे आमच्या टोपलीतलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“हे तुला आधी नव्हतं का करता येत?”

“येत होतं.”

“मग?”

या एका शब्दाला माझ्याकडे तांत्रिक उत्तरं बरीच होती. मॉडेल सोपं ठेवण्याची पद्धत असते, प्रयोगाचे आकडे नव्हते, वगैरे. साहेबांसमोर मी ती सगळी दिली असती. पण समोर कळ्या निवडणाऱ्या आत्या होत्या, आणि त्यांना मी एक गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

“वेळ नव्हता,” मी म्हटलं. “सोमवारी ऑफिसात सुकेळी दाखवायची होती, आत्या. मोठी माणसं येणार होती. म्हणून मला रविवारीच हवी होती. म्हणून मी संध्याकाळी थांबवू दिलं नाही.”

आत्यांचा हात कळ्यांवर थांबला. त्यांनी चष्मा काढला.

“मग दाखवलीस?”

“नाही. त्यांनी मीटिंग पुढे ढकलली.”

“कधीपर्यंत?”

“अजून झालेली नाही.”

त्यांनी पुन्हा कळ्या निवडायला घेतल्या. मी लॅपटॉप मिटून ठेवला. मग दर्यावरचा वारा सुटला, नारळाच्या झावळ्या हलायला लागल्या, तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. इतक्या वर्षांची सवय. मांडव होता त्या बाजूला दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. तिथे एक पांढरी गाडी उभी होती. मग त्या वळल्या आणि दोरीवरचे कपडे आत घ्यायला लागल्या. आत घ्यायला आता तेवढंच होतं.